मांडवातला कॉम्प्युटर

गोदूकाकीला दोन आवाज. एक ऑपरेशनच्या आधीचा, एक नंतरचा. आधीचा असा, की सुकापूरच्या आमच्या गल्लीत तिनं खालून "पूर्वेऽऽ" अशी हाक मारली की पूर्वी सोडून बाकी सगळी बिल्डिंग गॅलरीत यायची. नंतरचा म्हणजे कुणीतरी कागदाच्या पिशवीत हात घालून किल्ली शोधतंय, असा.

घशात गाठ होती. ती काढली, साधीच निघाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मग डॉक्टर म्हणाले, "आता बोला, पण हळू. आणि गाणंबिणं विसरा." त्यांना वाटलं असेल, बाई फार तर गुरुवारी भजनाला जात असेल.

गोदूकाकी घरत म्हणजे गावची धवलारीण. आमच्यासारख्या पुण्याहून येऊन इथे फ्लॅट घेतलेल्यांना हे समजावून सांगावं लागतं. आगरी लग्नात प्रत्येक कामाचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाते ती धवलारीण. पण ती नुसती गात नाही. तिनं गाणं उचललं की काम सुरू होतं आणि तिनं खाली ठेवलं की संपतं. भटजी येतात, मंगलाष्टकं होतात, सगळं होतं, पण त्याच्या आधी देवांना मांडवात बोलावून आणायचं काम हिचं. आमच्या गल्लीत ज्यांची ज्यांची लग्नं झाली, ती काकीच्या आवाजात झाली.

राहिलं होतं पूर्वीचं. पूर्वी म्हणजे काकीच्या धाकट्या दिराची मुलगी. आई लहानपणीच गेली, वाढवली काकीनं. खारघरला दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर असते आणि घरीसुद्धा तोंडातून "दोन मिनिटं बसा हं, डॉक्टर येतायत" निघून जातं. तिचं लग्न ठरलं आणि काकीचा घसा गेला.

पूर्वीचा मोठा भाऊ दीपेश. बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्याचं प्लॉट-फ्लॅट दाखवायचं ऑफिस. ही बिल्डिंगही यांच्याच शेतावर उभी आहे. दीपेशचे आवाज तीन. गिऱ्हाइकाशी : "सर, स्टेशन वॉकेबल आहे, सर. म्हणजे चालणाऱ्यावर आहे." मित्राशी : "अरे ये ना भावा, ये." आणि काकीशी, जो सगळ्यात खरा आणि सगळ्यात बारीक.

"काकी, टेन्शन कशाला घेतंस? चिरनेरची एक बाय हाय ना, मस्त गाते. तिला बोलवू."

"माज्या पोरीच्या लग्नान भायेरची बाय?" काकी म्हणाली. "मंग मी काय करू? पंगतीन बसून वरन-भात खाऊ?"

"अगं पन तुला डॉक्टरनी..."

"माजा आवाज हाय तुज्या फोनान. तोच लाव."

आणि होताच. दीपेश प्रत्येक लग्नात स्टेटसला टाकायला म्हणून फोन धरून उभा असायचा. वर्षानुवर्षांचे धवले त्याच्याकडे साठले होते. ते त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घेतले आणि काकीला शेजारी खुर्ची दिली. "तू फक्त सांग कुठला पहिला, कुठला नंतर. मी लावतो."

इथे पहिलं भांडण झालं. सगळ्या गाण्यांची नावं सारखीच, ऑडिओ आणि पुढे लांबलचक आकडे. काकीनं सांगितलं एक, दीपेशनं लावलं दुसरं.

"अरं मेल्या! देव आले नाय, मांडव जागा झाला नाय, आनि तू पोरीला हलद लावतंस?"

"काकी, ही सगली सेम दिसतात!"

"तुला सेम दिसतात. तू उठ. मना बसू दे."

दीपेश उठला. माऊस काकीच्या हातात आला. आधी तिनं तो साबणाच्या वडीसारखा धरला, मग अंड्यासारखा.

"सिंपल हाय," दीपेश म्हणाला. "त्या गान्यावर जा. बोट दाब. दाबूनच ठेव. तसंच घसटत ने त्या पिवल्या फोल्डरपर्यंत. तिकडं नेऊन टाक."

"टाक?"

"टाक म्हंजे सोड."

"धवला कदी कोन टाकतो का?"

"काकी, कॉम्प्युटरची भाषा हाय ती!"

काकीनं बोट दाबलं. हात थोडा हलला, बोट सुटलं, घाईघाईनं तिनं परत दाबलं. कॉम्प्युटरला वाटलं, गाणं उघडायला सांगतायत. ऑफिसातल्या दोन्ही स्पीकरमधून काकीचा जुना आवाज एकदम बाहेर पडला. देवांना बोलावण्याचा धवला. रस्त्यावरचा भाजीवाला वळून बघायला लागला.

दीपेश बंद करायला धावला, तर काकीनं त्याच्या मनगटावर चापट मारली.

"खबरदार! देवांना बोलवायला लागलंय ते. अर्ध्यावर तोंड मिटलंस तं ते दारान उभे रातील."

म्हणून सगळे बसून राहिले. काकी, दीपेश, फोनवर ताटकळलेलं गिऱ्हाईक, आणि मेंटेनन्सची पावती द्यायला खाली आलेली मी. एकेक देव नाव घेऊन बोलावला गेला. डोंगरावरचा, खाडीकाठचा, वेशीवरचा. गाणं संपलं. काकीनं हात जोडले, पुटपुटली, "काम नवतं, देवा. चुकून बोलावलं," आणि परत माऊस धरला.

बोट दाबलं. सुटलं. दाबलं. देव परत निघाले.

त्या दिवशी देवांनी सुकापूरला किती फेऱ्या मारल्या, त्यांनाच माहीत. शेवटी शेवटी दीपेश गाणं सुरू झालं की न सांगता हात जोडायला लागला आणि तसाच, हात जोडलेल्या अवस्थेत, मान वाकडी करून फोन खांद्यात धरून म्हणाला, "हो सर, वन बीएचके आहे सर. नाही नाही, सत्संग नाही. काकी आहे."

पुढचे काही दिवस दुपारचा चहा झाला की काकी पदर खोचून ऑफिसात हजर. बोट धरायची सवय झाली, तर नव्या तक्रारी निघाल्या. गाणं धरून चालायला लागलं की ते जागच्या जागीच राहतं आणि हाताबरोबर नुसता धुरकट आकार सरकतो.

"दीपू, मी गानं धरलंय का गान्याचं भूत?"

"भूतच हाय, पन बरोबर हाय. चाल पुढं."

पुढे चाललं की मधेच लाल गोल यायचा, आडवी रेघ मारलेला. नो एण्ट्री. काकीनं तो पनवेलच्या बाजारात गाडी आत नेऊ देत नाहीत तिथे पाहिलेला. ती सरळ माऊस सोडून हात मागे घ्यायची. "नको बाबा, पोलिस हाय." गाणं होतं तिथेच राहायचं. खूप खाली न्यायचं असलं की पडदा आपोआप पळायला लागायचा, आधी हळू आणि मग सुसाट, आणि काकी मागे रेलून, दोन्ही पाय जमिनीला रोवून "हो हो हो होऽ" करायची, बैल उधळल्यासारखी. तिचं हे 'हो हो हो होऽ' आमच्या बिल्डिंगमधली सगळी पोरं आजही लिफ्ट नको त्या मजल्यावर थांबली की करतात.

एकदा तर गाणंच हरवलं. धरलं होतं, नेलं होतं, सोडलं होतं, आणि कुठेच नव्हतं. काकीनं टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक जोडपं प्लॉट बघायला आलं. दीपेशनं "तुम्हाला लेआऊट दाखवतो सर" म्हणून करंजाड्याच्या प्लॉटांचं फोल्डर उघडलं आणि पहिल्याच फाईलवर टकटक केलं. लेआऊट आला नाही, देव आले. करंजाड्याच्या प्लॉटवर, सगळे, नाव घेऊन. गिऱ्हाइकाच्या बायकोनं डोक्यावर ओढणी घेतली. धवला संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग ती हळूच नवऱ्याला म्हणाली, "जागा चांगली वाटतेय."

हे सगळं मजेत चाललं होतं, पाठवणीचं गाणं वाजेपर्यंत.

तो एक धवला काकी अजिबात हातात घेत नव्हती. सगळ्यात शेवटचा. मुलगी घराबाहेर पडताना म्हणायचा, आणि त्याच वेळी म्हणायचा. घरात मुलगी अजून उष्टे कप विसळतेय आणि इकडे तिची पाठवणी लावली, असं करत नाहीत. ते गाणं काकीनं पडद्याच्या एका कोपऱ्यात एकटं ठेवून दिलं होतं. त्या संध्याकाळी ती शेजारचं गाणं धरायला गेली, बोट घसरलं, आणि त्या कोपऱ्यातून आवाज आला. पहिलीच ओळ. नेमकी पूर्वी दवाखान्यातून येऊन ऑफिसच्या दारात चपला काढत होती.

काकीनं भिंतीतली वायरच उपटली. कॉम्प्युटर गेला, पंखा गेला, दीपेशचा चार्जिंगला लावलेला फोन खाली पडला. काकी खुर्चीत बसली ती हात मांडीवर टाकून. मग म्हणाली, "दीपू, त्या चिरनेरवालीला फोन लाव. मना नाय जमत. माज्या हातून पोरीचं वाईट व्हायचं."

दीपेशनं पडलेला फोन उचलला.

पूर्वीनं बॅग ठेवली, वायर परत लावली, स्टूल ओढलं. "कुणी कुणाला फोन लावायचा नाही. काकी, मला दाखव तू काय करतेस ते."

"काय दावू? धरतंय, नेतंय. पन सोडायची येल आली की हात भितो."

"का?"

"झेलतो कोन?" काकी एकदम चिडून म्हणाली. "मांडवान मी गान्याची ओल उचलतंय तवा समोर बाया असतात. मी उचललं की त्या झेलतात, मंग मी पुढली उचलतंय. समोर झेलनारी नसली तं गानं टाकू कुठं? ह्यो डबा नुसता बगत बसतो. आनि दीपू सांगतो, टाक, टाक!"

पूर्वीनं स्टूल पडद्याच्या आणखी जवळ ओढलं. मग तिनं काकीच्या हातावर हात ठेवला. "धर. चल. आता फोल्डरच्या अगदी डोक्यावर ने. अजून वर. थांब. काय झालं?"

"निलं झालं."

"ते निळं झालं म्हणजे त्यानं पदर पसरलाय. लक्षच जात नाही, इतकं फिकट दाखवतं मेलं. पण पसरलाय. आता दे."

काकीनं बोट उचललं. गाणं गेलं. पोलिस आला नाही, देव निघाले नाहीत. नुसतं गेलं, आत, जिथे जायचं तिथे.

"झेललं गो," काकी म्हणाली.

"मी पन तेच सांगत होतो," दीपेश म्हणाला.

"तू 'टाक' सांगत होतास," पूर्वी म्हणाली. "दोन मिनिटं बस हं तू."

त्यानंतर काकीनं जे सुरू केलं ते बघण्यासारखं होतं. मांडव, देव, तेल, हळद, न्हाणं, एकेक गाणं ओठातल्या ओठात म्हणत उचलायचं, निळं झालं की द्यायचं. चुकीच्या जागी गेलं तर जीभ चावून परत आणायचं. सगळे धवले ओळीनं लागले. पाठवणीचा सगळ्यात खाली, बाकीच्यांपासून जरा अंतर ठेवून, बोट घसरणार नाही असा. काकीनं तिथूनच पडद्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

मग दीपेशनं ते सगळं पेनड्राईव्हमध्ये न्यायला दिलं, कारण मांडवातल्या स्पीकरला पेनड्राईव्ह लागतो. काकीनं अख्खं फोल्डर धरून नेलं, आणि बघते तर तिकडेही गाणी आणि इकडेही.

"ह्ये कसं? काल त्या शेजारच्या फोल्डरान दिलं तं इथलं गेलं. आज ह्याला दिलं तं इथलं हायच."

"तसाच नियम हाय. एकाच डिस्कवर असलं तर नेतं. दुसरीकडं असलं तर कॉपी देतं."

"कदी देतं, कदी नेतं. आनि सांगत नाय आदी. मानसानं समजायचं कसं?"

दीपेशनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी माझ्या बाबांना विचारलं, ते सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ते म्हणाले, "आम्हालाही नेल्यावरच कळतं."

हळदीच्या आदल्या दिवशी मांडवात स्पीकर आले. दीपेशनं पेनड्राईव्ह खोचला, काकी पुढ्यात खुर्ची टाकून बसली, बटण दाबलं. पहिलं वाजलं न्हाणं. दुसरं हळद. मग तेल. देव कुठेच नाहीत.

पडद्यावर लावलेली ओळ फक्त पडद्यावरच होती. स्पीकरला ती कळतच नव्हती. तो त्याच्या अकलेनं, नावापुढच्या आकड्यांप्रमाणे वाजवत होता. दीपेशनं पेनड्राईव्ह ओढून काढला, पुढचं कुठलं वाजेल या भीतीनंच. तो डोकं धरून पायरीवर बसला. "मी नावं बदलून बगतो, नंबर टाकून..."

मला वाटलं, आता काकी रडणार. काकी मांडवाकडे बघत होती. कळसाची जागा, पूर्वीला बसवायचा पाट, बाया बसतील तो कोपरा.

"आनि मामा उशिरा आला तं?" ती म्हणाली.

"आं?"

"मामा आल्याबिगर हलद लागत नाय. तो उशिरा आला तं ह्यो थांबेल का? ह्यो वाजवीत सुटेल. मी थांबतंय. मी बगतंय काम कुठवर आलंय, मंग उचलतंय." ती उठली. "ओलीन लावून उपेगच नाय. तो डबाच आन मांडवान. मी बसतंय त्याच्यापाशी."

"अख्खा कॉम्प्युटर?"

"अख्खा."

आणि आणला. दीपेशनं आणि त्याच्या 'ये ना भावा' म्हणून बोलावलेल्या मित्रानं पडदा, खोका, कीबोर्ड, सगळं उचलून नेलं. कळसाच्या डाव्या हाताला टेबल मांडलं. हळदीच्या सकाळी कुणीतरी खोक्याला हळदकुंकू लावलं. काकी नवी नऊवारी नेसून, नाकात नथ, हातात माऊस. घसटायचं काही नव्हतंच आता. गाणी पडद्यावर ओळीनं बसली होती आणि ऐन वेळी लागणारं काम होतं ते टकटक करून उघडायचं. जे इतके दिवस तिला नको असताना होत होतं, ते आता हवं होतं, आणि त्यात तिचा हात एवढा बसलेला की काय सांगू.

देव आले. खरोखरचे, बोलावल्यावर. मांडवभर तिचा जुना आवाज गेला आणि समोर बसलेल्या बायांनी सवयीनं प्रत्येक ओळ झेलली. तेल झालं. मग सगळे थांबले, कारण मामा करंजाड्याला ट्रॅफिकमध्ये अडकला होता. काकी माऊसवरचा हात काढून निवांत बसून राहिली. दीपेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पेनड्राईव्ह असता ना, तर एव्हाना पोरगी सासरी गेली असती."

मामा आला, घामाघूम, नारळ घेऊन. काकीनं हळदीचा धवला उघडला. दुसरी ओळ आली :

हलद लागली गो हेतल बायला...

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. धवल्यात नवरीचं नाव घेतात. आणि हे रेकॉर्डिंग शेजारच्या आळीतल्या हेतलच्या लग्नातलं. हेतल स्वतः पुढच्या रांगेत, मांडीवर पोरगं घेऊन बसलेली. ती लालेलाल झाली. तिचा नवरा मागून ओरडला, "परत? मना इचारलं पन नाय!"

हशा झाला, पण पूर्वी पाटावर बसल्या बसल्या काकीकडे बघायला लागली. काकी काही गडबडली नव्हती. तिला ठाऊकच होतं. तिनं बायांकडे वळून दोन्ही हात वर केले, आणि जेवढा आवाज होता तेवढ्यात म्हणाली, "तोंडं हायत ना तुमाला? नाव तुमी घ्या!"

पुढच्या ओळीत नाव यायची वेळ झाली आणि अख्खा मांडव ओरडला, "पूर्वीऽऽ!" स्पीकरमधली हेतल त्यात कुठल्या कुठे बुडाली. मग प्रत्येक ओळीला. पोरं तर नाव यायच्या आधीच तोंड उघडून तयार. दीपेश बेंबीच्या देठापासून. हेतलही ओरडत होती, स्वतःचंच नाव बुडवायला. एवढा दंगा झालेली हळद सुकापुरात कुणी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, जेवणं झाली, आणि ऊन उतरताना गाडी दारात आली.

काकीनं कॉम्प्युटरपाशी जाऊन पाठवणीचं गाणं उघडलं. त्याच्यावर पहिल्यांदाच मुद्दाम टकटक केलं. आवाज सुरू झाला आणि ती टेबल सोडून पूर्वीकडे आली.

नाव जवळ येत होतं. सगळ्यांना माहीत होतं ते कुठे येतं. पण हे गाणं ओरडण्याचं नव्हतं. बायांनी पदर तोंडाला लावले होते. आता सगळ्यांसमोर भलतीच मुलगी सासरी जाणार, असं वाटलं.

काकीनं पूर्वीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचा जुना आवाज स्पीकरमधून त्या जागेवर आला, आणि त्याच्या वर, अगदी जवळून, फक्त पूर्वीला आणि पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल एवढंच, काकीनं नाव घेतलं. पूर्वी.

डॉक्टर म्हणाले असते, हे गाणं नाही. पण सुरात होतं.

त्या धवल्यात नाव पुन्हा पुन्हा येतं. बायांनी पुढच्या वेळी झेलायला तोंड उघडलं, तर काकीनं मान हलवून नको म्हटलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ती तिच्याबरोबर काचेला हात लावून चालत होती, आणि दर वेळी नाव तिनंच घेतलं.